बचतीला संगत हवी काय?

गेल्या नाताळच्या सुटीत आमचा पुतण्या घरी आला होता. गोव्यातील एका कारखान्यात त्याला नोकरी लागून नुकतेच वर्ष झाले आहे. जेवणे आटोपून सर्व मंडळी अंगणात बसली असता त्याने खिशातून मोबाइल काढला व आमच्याजवळ सरकून म्हणाला, “काका, दरमहा दोन हजार रुपये इंडेक्स फंडात घालायचे मी ठरवले आहे. आता एवढेच सांगा, कोणते ॲप घेऊ? आणि तुमचा एखादा ग्रुप असेल तर मलाही त्यात घ्या.”

आम्ही त्याला सांगितले की, आमच्याजवळ असे ॲप नाही व आम्ही कोणत्याही ग्रुपात नाही. हे ऐकून तो क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिला. काका आता वयस्क झाले, त्यांना या नव्या गोष्टी झेपत नाहीत, असेच त्याच्या मनात आले असावे. पण वस्तुस्थिती तशी नाही. ॲप आम्ही वापरले आहे आणि ग्रुपातही दोन वर्षे काढली आहेत. त्या दोन वर्षांची किंमत आम्ही रोख मोजली आहे. ती हकीकत त्या रात्री त्याला सांगितली; तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण हा प्रश्न काही एकट्या आमच्या पुतण्याचा नाही. आमच्या खेड्यांतील मुले पुण्याला, गोव्याला, आखातात वा बोटीवर नोकरीस लागतात आणि पहिल्या पगाराबरोबर हा प्रश्न त्यांच्या मोबाइलमधून घरात शिरतो.

ज्यांस इंडेक्स फंड ही वस्तू अपरिचित आहे त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. म्युच्युअल फंडात अनेकांचे थोडेथोडे पैसे एकत्र करून ते शेअर व रोख्यांत गुंतविले जातात. बहुतेक फंडांत कोणत्या कंपनीचे शेअर घ्यावेत आणि कोणते विकावेत हे ठरविण्यासाठी पगारी जाणकार नेमलेले असतात. इंडेक्स फंडात हा निवडीचा खटाटोपच नाही. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ही 30 मोठ्या कंपन्यांची यादी आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी ही 50 कंपन्यांची. त्या यादीत ज्या कंपनीला जेवढे वजन, त्याच प्रमाणात फंड तिचे शेअर विकत घेतो. यादीची तपासणी वर्षातून दोनदा होते. एखादी कंपनी मागे पडली की तिच्या जागी दुसरी येते आणि फंडही निमूटपणे तसाच बदल करतो. बाजार चढला की फंड चढतो आणि बाजार पडला की फंडही पडतो. त्यात कोणाची चतुराई नाही आणि म्हणून चतुराईचा पगारही नाही.

सामान्य माणसासाठी असा फंड प्रथम काढला तो अमेरिकेतील जॉन बोगल यांनी, 1976 साली. आरंभी 15 कोटी डॉलर जमतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जमले 1 कोटी 13 लाख. लोकांनी त्यास ‘बोगलचा वेडेपणा’ म्हणून हिणविले. पुढे 2019 च्या जानेवारीत बोगल वारले तेव्हा तोच फंड जगातील सर्वांत मोठ्या फंडांत गणला जात होता. आपल्या देशात असे फंड 2000 सालाच्या आगेमागे आले. या यशाचे मुख्य कारण म्हणजे खर्चातील फरक. समजा, एक लाख रुपये 25 वर्षे ठेवले. खर्च वजा जाता दरसाल 11 टक्के पदरी पडले तर त्याचे सुमारे साडेतेरा लाख होतील. खर्चापोटी दीड टक्का अधिक गेला व हाती साडेनऊ टक्केच आले, तर पावणेदहा लाखही होणार नाहीत. अमुक टक्के मिळतीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु खर्च किती जाईल हे आधी कळते, आणि त्याची आकडेमोड चौथीतील मुलालाही करता येते.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोगल यांनी फंड काढला तेव्हा कोणाच्या खिशात मोबाइल नव्हता. हिशेबाचा कागद टपालाने घरी येई व कपाटात जाऊन पडे. इंडेक्स फंडाची सारी रचनाच अशी आहे की, मालकाने त्याकडे पाहिले नाही म्हणून त्याचे काही अडत नाही.

आता आमची हकीकत. खानापूर तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. रस्त्याच्या रुंदीकरणात तिचा एक पट्टा गेला व त्याची भरपाई आम्हा तिघा भावंडांत वाटली गेली. प्रत्येकाच्या वाट्यास तीन लाख रुपये आले. धाकट्या बंधूंनी त्यातून घरावर स्लॅब घातला. आमची थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणत असू, आणि आम्ही, अशा दोघांनी ती रक्कम 2018 च्या आरंभी निफ्टीच्या एकाच इंडेक्स फंडात ठेवली. आमचा एक जुना विद्यार्थी या व्यवहारात जाणता होता. त्याच्याच सल्ल्याने आम्ही हे केले. जमीन गेली आणि तिच्या जागी एक कागद आला. तो कागद सांभाळण्याची जबाबदारी आम्हांस जमिनीहूनही जड वाटत असे. आमची मुलगी तेव्हा हायस्कुलात होती. बारावी झाल्यावर तिला परिचारिकेच्या शिक्षणास पाठवावे व त्यास हे पैसे लागावेत, असा बेत होता.

अक्काने कागदी अर्ज भरला, पावती घेतली आणि ती आपल्या गावी गेली. आमच्याजवळ मात्र नवा मोबाइल होता. आम्ही ॲप घेतले.

पहिल्या महिन्यात आम्ही ते आठवड्यातून एकदा उघडीत असू. मग रोज उघडू लागलो. मग शाळेच्या मधल्या सुटीत, मग वर्गावर जाण्यापूर्वी, मग रात्री दिवा मालविल्यावरही. आकडा हिरवा दिसला की जेवण गोड लागे. तांबडा दिसला की घरातील मुलांवर उगाच ओरडणे होई. भात लावून झाल्यावर रोज चिखलात उतरून, मूळ धरले की नाही हे रोप उपटून पाहणारा शेतकरी आम्ही आजवर पाहिलेला नाही. आम्ही मात्र नेमके तेच करीत होतो. बाजाराचा स्वभाव असा आहे की, रोज पाहणाऱ्यास जवळजवळ निम्मे दिवस घसरणीचे दिसतात. वर्षातून एकदा पाहणाऱ्यास मात्र वाढीची वर्षे घसरणीच्या वर्षांहून पुष्कळ अधिक दिसतात. डॅनियल कानमन व एमॉस ट्वर्स्की या दोघा पंडितांनी 1979 साली दाखवून दिले की, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख मनुष्यास अधिक बोचते. तेव्हा जो रोज पाहील तो रोज थोडाथोडा पोळला जाईल, हे ओघानेच आले. पैसा तोच, वाढही तीच. पण पाहण्याच्या सवयीने तोच पैसा एकाला सुखाचा होतो, तर दुसऱ्याला तापाचा.

याच सुमारास एका सहकाऱ्याने आम्हांस व्हॉट्सॲपवरील एका ग्रुपात घेतले. शांतपणे गुंतवणूक करणाऱ्यांचा हा ग्रुप, असे त्याचे वर्णन होते. दोनशेहून अधिक सभासद होते. त्यांतील चार-पाच सोडले तर कोणाचे तोंडही आम्ही कधी पाहिले नाही. आरंभी तेथे उपयुक्त माहिती मिळाली, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. कर कसा लागतो, थेट योजनेत दलालाचा वाटा का नसतो, फंड निर्देशांकाच्या किती मागे राहतो, हे सारे आम्ही तेथेच शिकलो. परंतु इंडेक्स फंडाविषयी बोलण्यासारखी वर्षभरात चार वाक्ये असतात, आणि दोनशे माणसे एकत्र बसली की चार वाक्यांवर त्यांचे भागत नाही. मग कोणी विचारी, निफ्टी चांगला की मिडकॅप? कोणी म्हणे, सोने घ्या. कोणी एका आठवड्यात मिळविलेल्या नफ्याचे चित्र पाठवी. तोट्याचे चित्र कोणीच पाठवीत नसे. वर्षभराने त्या शांत मंडळींत निम्मे बोलणे ऑप्शनच्या सौद्यांचे होऊ लागले.

त्या सौद्यांत पैसे गमावणाऱ्या तरुणांविषयी आज कोणास शंका राहिलेली नाही. सेबीने 2024 च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, फ्यूचर्स व ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत तोटा झाला, आणि त्या तोट्याची एकूण रक्कम 1 लाख 80 हजार कोटी रुपयांवर गेली. आम्ही त्या वाटेस गेलो नाही, हे आमचे सुदैव. पण त्या बोलण्याची झळ आम्हांसही लागल्यावाचून राहिली नाही.

ती लागली 2020 च्या मार्चमध्ये. 23 मार्च हा सोमवार होता. साथीच्या भीतीने देश बंद होत चालला होता. त्या एका दिवसात निफ्टी सुमारे 13 टक्क्यांनी कोसळून 7,610 वर आला. जानेवारीत तो 12,300 च्या वर होता. मध्येच बाजार पाऊण तास थांबवावा लागला. आमच्या मोबाइलवर त्या दिवशी किती संदेश आले असतील याची गणती नाही. निफ्टी पाच हजारांवर जाणार, जो आज बाहेर पडेल तोच वाचेल, असे ग्रुपातील मोठमोठी नावे सांगत होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कोणासही न विचारता, आम्ही ॲप उघडले आणि सारे विकून टाकले. त्यास एक मिनिटही लागले नाही. तीन लाखांचे सुमारे दोन लाख वीस हजार हाती आले.

दुपारी पत्नीला सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने एवढेच विचारले, “अक्कांना विचारलं होतं का?”

मग आम्ही अक्काला फोन लावला. तिच्याजवळ साधा फोन होता.

“अक्का, तू विकलेस का?”

“काय विकायचं रे?”

आम्ही बाजार कोसळल्याचे सांगितले. ती म्हणाली, “थांब, कागद बघते.” काही वेळाने पुन्हा तिचा आवाज आला. “तुझ्या त्या विद्यार्थ्यानं कागदावर लिहून दिलंय, दहा वर्षं हात लावायचा नाही. अजून दोनच झालीत.” आणि मग गावात तांदूळ मिळतो की नाही, मुलीची शाळा कधी उघडणार, हेच ती विचारू लागली.

पुढे काय झाले हे वाचक जाणतातच. त्याच वर्षी नोव्हेंबरात निफ्टीने आपले जानेवारीचे शिखर ओलांडले. ग्रुप मात्र आम्हांस सांगत राहिला की ही वाढ खोटी आहे, पुन्हा पडेल, तेव्हा आत शिरा. आम्ही वाट पाहत राहिलो. 2022 साली मुलीच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा बँकेत सव्वादोन लाखांच्या आसपास रक्कम होती. हात लावला नसता तर ती साडेचार लाखांच्या पुढे असती. उरलेल्या रकमेसाठी पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले आणि त्याचा हप्ता आम्ही अद्याप भरीत आहोत. मुलीने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. हप्त्याच्या दिवशी ती आमच्याकडे पाहत नाही, एवढेच.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बाजार सावरला म्हणून आम्ही मूर्ख ठरलो आणि न सावरता तर शहाणे ठरलो असतो, असा हा हिशेब नव्हे. ज्या पैशाची चार-पाच वर्षांतच गरज पडणार आहे तो शेअर बाजारात सगळाच्या सगळा ठेवणे, हीच आमची पहिली चूक. तो बँकेच्या मुदतठेवीत शोभला असता. दुसरी चूक अशी की, त्या मार्चमध्ये आम्हांस पैशाची कोणतीही निकड नव्हती. निकड होती ती केवळ भीतीची, आणि त्या भीतीला ॲपने हात दिला व ग्रुपने तोंड दिले. विकण्यासाठी बेळगावला जाऊन कागद भरावा लागला असता, तर टाळेबंदीत आम्ही जाऊच शकलो नसतो, आणि मुलीचे पैसे वाचले असते.

पुढे वाचनात आले की, आम्ही काही जगावेगळे केले नव्हते. अमेरिकेतील ब्रॅड बार्बर व टेरन्स ओडीन या दोघा प्राध्यापकांनी 66,000 हून अधिक कुटुंबांचे 1991 ते 1996 या काळातील शेअरचे व्यवहार तपासले. त्या वर्षांत बाजाराने दरसाल 17.9 टक्के दिले. परंतु जी कुटुंबे सर्वांत अधिक उलाढाल करीत होती त्यांच्या पदरी 11.4 टक्केच पडले. त्यांची दुसरी पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. फोनवरून व्यवहार करणे सोडून संगणकावरून करू लागलेल्या 1,607 जणांचा हिशेब तीत आहे. बदलापूर्वी ही माणसे बाजारापेक्षा दरसाल दोन टक्क्यांहून अधिक मिळवीत होती. बदलानंतर ती तीन टक्क्यांहून अधिक मागे पडली. माणसे तीच होती. व्यवहार सोपा झाला, म्हणून त्यांनी तो अधिक वेळा केला, एवढेच.

येथवर वाचून कोणास वाटेल की आमचा निष्कर्ष ठरला: ॲप नको, संगत नको, अक्कासारखे एकटे राहावे. 2023 च्या ऑगस्टपर्यंत आम्हांसही तसेच वाटत होते.

त्या ऑगस्टात अक्का वारली. भावोजी तिच्या दोन वर्षे आधीच गेले होते. तिची दोन्ही मुले बाहेरगावी. अंत्यविधी झाल्यावर कागदपत्रांचा शोध सुरू झाला, तेव्हा फंडाचा कागद कोठे आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. मुलांना असा काही फंड आहे हेही माहीत नव्हते. आम्हांस होते, परंतु कोणता फंड एवढेच, त्याचा क्रमांक नव्हे. तीन दिवस कपाटे धुंडाळली. शेवटी शेजारच्या एक वृद्ध बाई आल्या. त्या आणि अक्का वीस वर्षे एकाच भिशीत होत्या. त्या म्हणाल्या, “ती मला एकदा म्हणाली होती, माझी जमीन तांदळाच्या डब्याखाली आहे म्हणून.” डबा हलविला. खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होता. साडेपाच लाखांहून अधिक रक्कम झाली होती.

पण अडचण तेथेच संपली नाही. कागदावर नॉमिनी म्हणून भावोजींचे नाव होते. ते वारल्यावर ते बदलावयास हवे, हे अक्काला सांगणारे कोणी नव्हते. मग वारसाचे दाखले, प्रतिज्ञापत्रे, दोन्ही मुलांच्या सह्या, बँकेचे साक्षांकन, असे करता करता पैसे मुलांच्या हाती पडण्यास चौदा महिने लागले. त्या वृद्ध बाईंना डब्याची आठवण राहिली नसती तर ते पैसे कदाचित कधीच मिळाले नसते. असे घडते, हे सरकारही जाणते. ज्या खात्यांत दहा वर्षे मालकाने काहीच हालचाल केलेली नाही अशी विस्मृत खाती वारसांना शोधता यावीत, म्हणून सेबीने 2025 च्या फेब्रुवारीत ‘मित्र’ या नावाची सोय सुरू करण्याचा आदेश काढला. ज्याला कोणी मित्र उरला नाही त्याच्यासाठी हे नाव निवडले गेले, हा योगायोग आमच्या मनाला चटका लावून गेला.

तेव्हापासून आम्ही भिशीचा विचार करीत आहोत. आमच्या खेड्यांतून बायकांच्या भिशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. दहा-बारा जणी दरमहा ठराविक रक्कम घालतात आणि चिठ्ठी निघेल तिला ती सारी मिळते. तेथे संगतीवाचून चालतच नाही. कारण एकीने हप्ता चुकविला तर दुसरीचा घास जातो. इंडेक्स फंडात तसे नाही. शेजाऱ्याने पैसे घातले काय, काढले काय, आपल्या वाढीला त्याची गरज नाही. हप्ता मागण्यास येणाऱ्या बाईचे काम बँकेला दिलेली एक लेखी सूचना दरमहा बिनचूक करते. म्हणून पैशाच्या वाढीसाठी फंडाला संगत लागत नाही, हे खरेच. परंतु भिशीत पैशाबरोबर आणखी एक गोष्ट फिरत असे. कोण आजारी आहे, कोणाचा नवरा गेला, कोणाचा कागद कोठे आहे, हे त्या बायकांना ठाऊक असे. आमच्या ग्रुपातील दोनशे जणांना निफ्टी उद्या कोठे जाईल हे ठाऊक होते. अक्का कोण, हे एकालाही ठाऊक नव्हते.

बोगल यांच्या अनुयायांचा पुष्कळ मोठा समुदाय अमेरिकेत आहे, व तेथील मंडळी घाबरलेल्या माणसास ‘काही करू नकोस’ एवढेच सांगतात, असे आम्ही वाचले आहे. अशी संगत लाभली तर ती चांगलीच. परंतु ओळख नसलेल्या ग्रुपात आज शांत माणसे आहेत म्हणून उद्याही तीच असतील, याची शाश्वती कोण देणार? शिवाय आता तर खोटी ॲपे व खोटे ग्रुप काढून लोकांस बुडविणाऱ्या टोळ्या निघाल्या आहेत. सेबीने 2024 साली त्यांविषयी जाहीर इशाराही दिला होता. तेव्हा अनोळखी संगतीचा प्रत्येकाने दहादा विचार करावा.

पुतण्याला आम्ही शेवटी जे सांगितले ते असे. तो ज्या निधीची वर्गणी पगारातून भरतो, त्या भविष्यनिर्वाह निधीचा एक भाग 2015 च्या ऑगस्टपासून सेन्सेक्स व निफ्टीच्या फंडांत घातला जातो. म्हणजे ॲप न घेता व ग्रुपात न जाता तो, त्याच्या कारखान्यातील हमालासह, इंडेक्सचा गुंतवणूकदार होऊन बसलाच आहे, आणि त्या पैशापायी त्याची एकही रात्र झोपेवाचून गेलेली नाही. तसेच या नव्या पैशाचे करावे. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा यात घालू नये. दरमहाची रक्कम बँकेला सूचना देऊन परस्पर जाऊ द्यावी. पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहावे: हे पैसे कशासाठी, किती वर्षांसाठी आणि कोणत्या कारणाशिवाय काढावयाचे नाहीत. फंडाच्या वा त्याच्या रजिस्ट्रारच्या कार्यालयात कागदी अर्ज भरूनही सारे करता येते. ॲप घेतलेच तर ते कपाटाच्या किल्लीसारखे वापरावे. पत्ता बदलला, बँक बदलली, नॉमिनी बदलावयाचा झाला, की किल्ली काढावी व काम होताच पुन्हा ठेवून द्यावी. खिशात खुळखुळवीत फिरू नये. आणि कागद कोठे आहे हे घरातील दोन माणसांना माहीत असावे; विकण्याची इच्छा झाली तर त्या दोघांना सांगितल्यावाचून विकू नये.

आम्ही स्वतः आता दरमहा थोडी रक्कम याच रीतीने ठेवीत आहोत. नोव्हेंबरच्या 2 तारखेस, मृतांच्या दिनी, अक्काच्या कबरीवर फुले ठेवून सर्व मंडळी घरी येतात. जेवणानंतर पत्र्याची पेटी उघडतो. हिशेबाचा कागद, नॉमिनीचे नाव व तो नियम मोठ्याने वाचतो आणि पेटी बंद करतो. अर्धा तास लागतो. वर्षभरात फंडाला आमची गरज तेवढीच असते.

पुतण्याने हे सारे ऐकून घेतले व वहीच्या पानावर आपला नियम लिहून काढला. मग म्हणाला, “काका, एक माणूस तुम्ही. दुसरे कोण?”

आम्ही त्याच्या आईकडे बोट दाखविले. ती भांडी आवरीत होती. ती हसून म्हणाली, “मला त्यातलं काय कळतं, भावोजी?”

“कळायला नको,” आम्ही म्हटले. “डबा कुठे आहे, एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.”